सात तुकड्यांचे सौभद्र

महाभारतात जरासंधाच्या जन्माची कथा आहे. मगधाधिपती बृहद्रथाला दोन राण्या होत्या, परंतु संतान नव्हते. चंडकौशिक ऋषींनी प्रसन्न होऊन त्याला एक आंबा दिला. दोघी राण्यांनी तो निम्मा निम्मा वाटून खाल्ला आणि यथाकाल प्रत्येकीच्या पोटी अर्धे अर्धे बालक जन्मास आले. राण्या भयभीत झाल्या. दासींनी ती शकले राजवाड्याबाहेर नेऊन टाकली. जरा नावाच्या राक्षसीला ती सापडली. वाहून नेण्यास सोपे जावे म्हणून तिने दोन्ही शकले एकत्र धरली, आणि काय आश्चर्य! ती तत्काळ जुळली व बालक टाहो फोडून रडू लागले.

या कथेतल्या जरेचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. तिने त्या शकलांत आपल्या पदरचे काही घातले नाही, ती कुटली नाहीत, मळली नाहीत, की त्यांतून नवे बालक घडविण्याचा उपद्व्याप केला नाही. शकले एकाच फळाची होती, म्हणून जुळण्याजोगी होती. तिने ती नीट शेजारी शेजारी धरली, इतकेच. जोडणाराने किती करावे आणि कोठे थांबावे याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही. हा धडा आम्हांस आठवण्याचे कारण असे की, मध्यंतरी असेच काही तुकडे आमच्याही हाती आले होते. फरक इतकाच, की ते दोन नसून सात होते, आणि बालकाचे नसून एका नाटकाचे होते.

गोव्यात गावोगावच्या देवस्थानांच्या उत्सवांत मराठी संगीत नाटक करण्याची चाल जुनी आहे. नट गावचेच, गायक गावचेच आणि परीक्षकही गावचेच. कारण मंडपात पुढे बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींना पदे तोंडपाठ असतात, आणि गाणाराने एखादी जागा गाळली की त्यांची डोलणारी मान थांबते. २०२४ सालच्या माघी उत्सवात आमच्या गावी 'संगीत सौभद्र' झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक १८८२ साली प्रथम रंगभूमीवर आले. म्हणजे त्याला एकशे चाळीस वर्षे उलटून गेली, तरी अर्जुन, सुभद्रा, कृष्ण आणि नारद आमच्याकडे अजून दरसाल कोठे ना कोठे भेटतात.

आम्ही म्हणजे शाळेत एका बाकावर बसणारे तिघे. आमच्यापैकी एकाच्या मामांकडे चित्रण करण्याचा कॅमेरा आहे. तो त्यांनी विश्वासाने आमच्या हाती दिला. मंडपाच्या मध्यभागी तिपाईवर आम्ही तो उभा केला, देवळातून विजेची तार ओढून घेतली, आणि रात्री साडेदहाला पडदा वर गेल्यापासून पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी भरतवाक्य होईपर्यंत तो अखंड चालू ठेवला. तीन तास पन्नास मिनिटांचे नाटक त्यात उतरले.

त्या नाटकाला पायपेटीची साथ पेटीवाले आजोबांनी केली. त्यांना साऱ्या गावात याच नावाने ओळखत. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, आणि त्याच्याही आधीपासून ते उत्सवाच्या नाटकाला साथ करीत. गाणारा कितीही नवखा असो, आजोबा पेटीवर असले की तो बुडत नसे. त्याचा श्वास कोठे संपणार हे त्याच्या आधी आजोबांना कळे, आणि तेवढी जागा त्यांची बोटे अलगद भरून काढीत. त्या रात्रीची साथ ही त्यांची अखेरची साथ ठरली. त्याच वर्षी आषाढात ते गेले. उत्सवात त्यांची छायाचित्रे पुष्कळांनी घेतली होती, पण छायाचित्रातली पेटी वाजत नाही. त्यांच्या साथीचे चित्रण म्हणाल तर आमच्यापाशी होते तेवढेच.

दिवसकार्य आटोपल्यावर काही दिवसांनी आजींचा निरोप आला, "तुम्ही मुलांनी नाटकाचे ते काय काढले होते ना, ते एकदा मला दाखवा रे." आम्ही कार्ड घेऊन गेलो आणि ते त्यांच्या घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडले. नाटक सुरू झाले. अर्ध्या तासाने पडदा एकाएकी काळा झाला, फाइलींची यादी दिसू लागली, आणि दुसरी फाइल निवडून सुरू करीपर्यंत नटीसूत्रधार, अर्जुन, सारे अंधारात तिष्ठत राहिले. तेवढे चालून गेले. पण तिसरा तुकडा संपला तो नेमका सुभद्रेच्या एका पदात. तान वर वर चढत होती, आजोबांची बोटे तिच्या मागोमाग पट्ट्यांवरून धावत होती, आणि पडदा काळा झाला. आम्ही घाईघाईने चौथी फाइल लावली. तिच्या पहिल्याच क्षणी सम होती. पण तान कोठे आणि सम कोठे! आजी काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अरे, हे समेवर आलेच नाहीत की!"

साठ वर्षांहून अधिक काळ साथ केलेल्या माणसाविषयी त्याच्याच घरात असे वाक्य उच्चारले जावे, हे आम्हांस सहन होण्याजोगे नव्हते. आजोबा समेवर आले होते. आम्ही मंडपात बसून ऐकले होते. त्यांची सम त्या कार्डावरही होती; मात्र ती दुसऱ्या फाइलीत होती.

आता, अखंड चाललेल्या कॅमेऱ्याने नाटकाचे तुकडे केलेच का, असा प्रश्न वाचकांस पडेल. आम्हांसही पडला. आमच्या कार्डावर फाइलींची जी मांडणी होती तिला एफएटी-३२ म्हणतात. ती १९९६ साली प्रचारात आली. तीत प्रत्येक फाइलीची लांबी लिहिण्यास बत्तीस घरे राखलेली असतात आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक एवढेच मावते. अशा बत्तीस घरांत लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ होय. इतक्या बाइटांहून मोठी फाइल तेथे नोंदताच येत नाही. मग कॅमेरा निमूटपणे एक वही मिटतो आणि दुसरी उघडतो. आमचा कॅमेरा दर सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख बिट लिहीत होता. त्या हिशेबाने एक वही भरण्यास सुमारे चौतीस मिनिटे लागतात. असे सहा पूर्ण तुकडे झाले आणि सातवा अठ्ठावीस मिनिटांचा. गायिका तानेत आहे की श्वास घेते आहे, हे त्या बत्तीस घरांना कोठून कळणार?

तुकड्यांचे एक करून आणावे म्हणून आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार सज्जन होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी एका पेन ड्राइव्हवर एकच फाइल भरून दिली आणि पैसेही बेताचेच घेतले. घरी येऊन पाहतो तो नाटक खरोखरच एकसंध झाले होते. पण लाल मखमली पडद्यावर चौकोनी डाग उठले होते, नारदाच्या वीणेच्या तारा पार्श्वभूमीत विरून गेल्या होत्या, आणि द्रुत तानेत आजोबांची बोटे म्हणजे पट्ट्यांवर फिरणारा एक पुसट ढग झाला होता. सात तुकडे मिळून सुमारे २९ अब्ज बाइट होते. दुकानातल्या फाइलीत चार अब्जांहून थोडे अधिक उरले होते. पेन ड्राइव्हवर तीच जुनी मांडणी होती, तीत बसावी म्हणून फाइल आवळली गेली होती. दर सेकंदाच्या १ कोटी ७० लाख बिटांपैकी जेमतेम २५ लाख हाती आले. सांधा नाहीसा झाला खरा, पण त्यापायी सारे वस्त्रच विटले.

ते का विटले हे समजण्यासाठी चित्रफीत कशी लिहिली जाते हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आमच्या चित्रणातील प्रत्येक चौकटीत आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० ठिपके आहेत, आणि सेकंदाला अशा पंचवीस चौकटी आहेत. प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन बाइटांत जसाच्या तसा लिहावा म्हटले, तर एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट लागतील आणि नाटकाचा पहिला प्रवेश संपण्यापूर्वीच आमचे कार्ड भरून जाईल. म्हणून कॅमेरा युक्ती करतो. तो एक चौकट समग्र लिहितो. तिला आपण मुख्य चौकट म्हणू. तिच्या पुढच्या चौकटी तो जुन्या कारकुनांच्या रीतीने लिहितो: 'वरीलप्रमाणे, फक्त सुभद्रेचा हात किंचित उजवीकडे.' काही चौकटी तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्हींकडे बोट दाखवून मोकळ्या होतात. शिवाय डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा बारकावा तो गाळून टाकतो. अशा रीतीने मजकूर सत्तरांशाहून कमी जागेत बसतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ या संकेतपद्धतीत हेच चालते, आणि आमचा कॅमेरा तीच वापरतो.

म्हणजे कॅमेऱ्याने लिहिले तोच मुळी एक सारांश होता, मात्र चांगला, विश्वासू सारांश. दुकानातल्या यंत्राने काय केले? त्याने तो सारांश उलगडून पुन्हा चौकटी चितारल्या, आणि त्या चौकटींचा दुसरा, अधिक तोकडा सारांश लिहिला. पहिल्या वेळी जे गळले ते परत आले नाहीच. दुसऱ्या वेळी आणखी गळले. मित्राच्या वहीवरून उतरविलेल्या टिपणांवरून तिसऱ्याने टिपणे काढावीत, तशातला हा प्रकार. यास पुनःसंकेतन म्हणतात. दुकानदारांनी फाइल कितीही मोठी ठेवली असती, तरी थोडेफार गळणे चुकले नसतेच.

आम्ही हे सारे गाऱ्हाणे शाळेतील संगणकाच्या सरांपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्हांला जोडायचे आहे ना? मग पुन्हा लिहिता कशाला?"

मग त्यांनी आम्हांस चित्रपटगृहातल्या रिळांची गोष्ट सांगितली. पूर्वी चित्रपट पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर येई. हजार फूट फितीत सोळा हजार चौकटी मावत, आणि सेकंदाला चोवीस या गतीने त्या अकरा मिनिटांत संपत. म्हणून चित्रपट रिळारिळांनी मोजला जाई. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी काढलेला 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. एका रिळाचे शेपूट दुसऱ्याच्या मुखाला जोडायचे, तर यंत्रचालक दोन्ही टोके नेमकी दोन चौकटींमधल्या रेषेवर कापून चिकटवी. त्या जोडाने चित्रातला एकही कण हलत नसे. याउलट सबंध फितीवरून दुसरी फीत छापून घेतली, तर ती एका पिढीने फिकी होई. तिच्यावरून तिसरी छापली तर आणखी फिकी. चिकटविणे निराळे आणि छापणे निराळे. "दुकानात तुमचे नाटक छापले," सर म्हणाले, "आपण ते चिकटवू."

परंतु फाइली चिकटविणे म्हणजे एकीच्या शेवटास दुसरी नुसती लावून देणे नव्हे. काही जातीच्या फाइलींना तेवढे पुरते. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी जो प्रवाह तयार करतात त्याची १८८ बाइटांची एकसारखी पाकिटे असतात. आगगाडीला डबे जोडावेत तशी ती एकामागे एक जोडली तरी बहुधा गाडी चालते. आमच्या फाइली एमपी-४ जातीच्या होत्या, आणि त्यांची रचना ग्रंथासारखी असते. प्रत्येकीत एक अनुक्रमणिका असते. कोणती चौकट कोठे आहे, कोणत्या क्षणी दाखवायची, आवाजाचा कोणता तुकडा तिच्याबरोबर वाजवायचा, हे सारे तीत नोंदलेले असते. असे सात ग्रंथ एका पुठ्ठ्यात बांधले तरी वाचणारा पहिली अनुक्रमणिका पाहतो, पहिला ग्रंथ वाचतो आणि पुस्तक मिटतो. उरलेले सहा पोटात असूनही त्याला दिसत नाहीत.

म्हणून खरी रीत अशी. प्रत्येक फाइलीतील चौकटींची आणि आवाजाची पाकिटे न उघडता, सीलबंद बाहेर काढायची. ती क्रमाने एका नव्या आवरणात ठेवायची. प्रत्येक फाइलीचे घड्याळ शून्यापासून सुरू झालेले असते. तेव्हा दुसऱ्या फाइलीतील प्रत्येक पाकिटाच्या वेळेत पहिलीची लांबी मिळवायची, तिसरीच्या वेळेत पहिल्या दोघींची, याप्रमाणे सातवीपर्यंत. शेवटी सगळ्यांची मिळून एकच अनुक्रमणिका लिहायची. बदलतात त्या फक्त वेळा आणि अनुक्रमणिका. पाकिटांच्या आतल्या अक्षरालाही कोणी हात लावीत नाही. प्रत्येक तुकड्याचा आरंभ मुख्य चौकटीने होत असल्यामुळे कोणत्याही 'वरीलप्रमाणे'ला आपले 'वरील' शोधण्यासाठी सांधा ओलांडून जावे लागत नाही. जोडणे सोपे आहे ते यामुळेच. भलत्याच ठिकाणी कापावयाचे असते तर पंचाईत होती. मुख्य चौकट सोडून अन्यत्र कापले की पुढच्या चौकटी निराधार होतात.

हे काम करणारे साधन फुकट मिळते. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी २००० साली एफएफएमपेग नावाची प्रणाली लिहिण्यास आरंभ केला, आणि पुढे जगभरच्या अनेकांनी तीत भर घातली. साध्या मजकुराच्या एका फाइलीत सातही तुकड्यांची नावे क्रमाने, एका ओळीत एक, अशी लिहावयाची. ती यादी प्रणालीला दाखवून 'कॉन्कॅट' म्हणजे साखळीने जोड, आणि 'कॉपी' म्हणजे आहे तसे उतरव, असे दोन हुकूम द्यावयाचे. सारी किमया त्या दुसऱ्या शब्दात आहे. तो विसरला की प्रणाली आपल्या स्वभावधर्माने पुनःसंकेतनास लागते. ज्यांना अक्षरी हुकूम देणे जड वाटते, त्यांच्यासाठी एमकेव्हीटूलनिक्स आणि लॉसलेसकट अशी कळा दाबून चालणारी साधनेही आहेत.

मात्र जरेच्या कथेतली अट येथेही लागू पडते. तुकडे एकाच फळाचे असले पाहिजेत. संकेतपद्धती एक, चौकटीची लांबीरुंदी एक, सेकंदाच्या चौकटी तितक्याच, आवाजाचे मोजमाप तेच. यांत एकही गोष्ट निराळी असली की जोड बिघडतो. आमचे सात तुकडे एकाच कॅमेऱ्याचे, एकाच रात्रीचे, म्हणून निर्धास्त होते. पण आमच्यापाशी आठवाही एक तुकडा होता. मध्यंतरात आमच्यापैकी एकाने रंगपटात जाऊन आपल्या भ्रमणध्वनीवर सहा मिनिटांचे चित्रण केले होते. त्यात आजोबा चहाचा पेला पेटीवर ठेवून सुभद्रेचे काम करणाऱ्या मुलीला एक जागा पुन्हा पुन्हा घटवून घेत आहेत, आणि ती साधल्यावर स्वतःशीच हसत आहेत. ते नाटकाच्या मधोमध घालावे असे आम्हांस फार वाटले.

परंतु त्या तुकड्याची कूळकथा निराळी होती. त्यातल्या चौकटी सेकंदाला तीसच्या आगेमागे, त्याही अनियमित; आणि आवाजाचे नमुने सेकंदाला ४४,१००, तर कॅमेऱ्याचे ४८,०००. ४४,१०० च्या हिशेबाने घेतलेला आवाज ४८,००० च्या हिशेबाने वाजला, तर सूर जवळजवळ दीड पट्टी वर चढतो. आजोबांची पेटी दीड पट्टी चढवून ऐकविणे! तेव्हा एक तर त्या तुकड्याचे पुनःसंकेतन करून तो कॅमेऱ्याच्या साच्यात बसवायचा, नाही तर बाहेर ठेवायचा. त्याच्यापायी बाकीच्या सातांना हात लावण्याचा तर प्रश्नच नव्हता. तिघांत बराच वाद झाला. अखेर असे ठरले की, मध्यंतर हे मध्यंतरच असू द्यावे. सातांचे एक नाटक आणि ती सहा मिनिटे वेगळी, जशी होती तशी, त्याच डिस्कवर ठेवावी.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर सरांच्या देखत आम्ही तो हुकूम दिला. दुकानातल्या यंत्राला रात्रभर काम पुरले होते. येथे दहाबारा मिनिटांत सारे आटोपले, कारण नव्याने काही घडवायचे नव्हते, केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवायचे होते. जोडलेली फाइल २९ अब्ज बाइटांची झाली. ती जुन्या मांडणीच्या पेन ड्राइव्हवर जाईना, कारण तेथे तीच बत्तीस घरे आडवी आली. म्हणून एक्सफॅट या नव्या मांडणीची हार्ड डिस्क आणावी लागली.

सरांचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. "दिसते तसेच आहे, हे कशावरून?" असे त्यांनी विचारले, आणि त्याच प्रणालीकडून प्रत्येक पाकिटाची ठशासारखी एक खूण काढून घेतली. पाकिटातला एक बिट जरी बदलला तरी ती खूण पालटते. सात मूळ फाइलींच्या खुणांची यादी एकीकडे आणि जोडलेल्या फाइलीची दुसरीकडे ठेवून संगणकाला पडताळून पाहण्यास सांगितले. सुमारे ३ लाख ४५ हजार चौकटी. वेळांचे रकाने अर्थातच निराळे होते. खुणा पहिलीपासून शेवटचीपर्यंत तंतोतंत जुळल्या. आवाजाच्याही जुळल्या. आवाजाची पाकिटे सेकंदाच्या सत्तेचाळिसाव्या भागाएवढी आणि चौकट सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढी. दोघींची टोके सांध्यावर अगदी एका रेषेत येतातच असे नाही, त्यामुळे केसाएवढी फट राहू शकते. पण ती पुढच्या सांध्यापर्यंत साचत जात नाही, आणि आमच्या कानांना तर ती सापडली नाही.

आजींकडे या वेळी आम्ही लॅपटॉप नेला आणि तो तारेने दूरचित्रवाणी संचाला जोडला. नाटक सुरू झाले आणि चालत राहिले. सुभद्रेचे ते पद आले तेव्हा आम्ही तिघेही संचाकडे न पाहता आजींकडे पाहत होतो. तान चढली, पेटी तिच्यामागे चढली. जेथे पडदा काळा व्हायचा तेथे काहीच झाले नाही, आणि तबल्यावर सम पडली. आजींनी मांडीवर हात टेकला. नेमका समेवर. "आले," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "ह्यांचे कधी चुकत नसे."

वाचकहो, असे तुकडे आपल्याही घरी असतील. मुंजी, लग्ने, वाढदिवस, देवळातली भजने, आजीने सांगितलेल्या गोष्टी, असे पुष्कळ काही आता कॅमेऱ्यांत आणि भ्रमणध्वनींत साठत असते, आणि जुन्या कार्डांवर त्याचे तुकडे पडलेले असतात. ते एक करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा एवढे करावे: प्रथम मूळ तुकड्यांची एक प्रत काढून बाजूस ठेवावी, मग ते एका जातीचे आहेत की नाहीत ते पाहावे, असल्यास नुसते जोडावे, नसल्यास वेगळेच राहू द्यावेत. आणि जोड कितीही उत्तम साधला तरी मूळ तुकडे टाकून देऊ नयेत. जागा वाचते म्हणून मूळ पुसून टाकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. पण एकुलत्या एका प्रतीवर भरवसा ठेवणे शहाणपणाचे नाही, कारण डिस्क कधी बंद पडेल हे ती आधी सांगत नाही.

आमच्या सौभद्राच्या आता दोन प्रती आहेत. एक आजींच्या घरी, आणि दुसरी आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील कपाटात, सात मूळ तुकडे व ती मध्यंतरातली सहा मिनिटे यांच्यासह. सातवीतला एक विद्यार्थी पेटी शिकतो आहे. तो दर शनिवारी ग्रंथपालांकडून ती डिस्क मागून घेतो, द्रुत तानांच्या जागी चित्र थांबवितो, आणि आजोबांचे कोणते बोट कोणत्या पट्टीवर आहे ते वहीत उतरवून घेतो. दुकानातल्या प्रतीत तेथे त्याला पुसट ढगच दिसला असता. या प्रतीत त्याला पाचही बोटे मोजता येतात.